चिखलात बुडालेल्या चोचीला काय कळते?

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गॉडविट जातीच्या, लांब चोचीच्या एका किनारी पक्ष्याची बातमी जगभर गाजली. वय जेमतेम पाच महिने. अलास्काहून निघालेला हा पक्षी अकरा दिवसांनी थेट टास्मानियाला उतरला. अंतर १३,५६० किलोमीटर, आणि वाटेत कुठे टेकणे नाही. सगळ्यांनी त्याच्या पंखांचे कौतुक केले, ते रास्तच आहे. पण या प्रवासाचे इंधन म्हणजे अंगावरची चरबी, आणि ती जमते चोचीच्या जोरावर, डोळ्यांना न दिसणारे किडे आणि शिंपले चिखलातून उपसून. मला त्या चोचीबद्दल बोलायचे आहे.

किनाऱ्यावर पक्षी पाहायला आलेली मंडळी बहुधा रंग शोधतात. चिखलपट्ट्यावरच्या करड्या-तपकिरी, एकसारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांवरून दुर्बीण सर्रकन पुढे जाते. ‘हे काय, नुसते टोचत बसलेत,’ असे मी कितीदा तरी ऐकले आहे. शिवणयंत्राच्या सुईसारखी खालीवर होणारी चोच पाहिली की तसे वाटणे साहजिक आहे. शंभर वेळा टोचले की एकदा काहीतरी लागणारच! पण नुसत्या नशिबावर पोट भरण्याइतके शिंपले मिळत नाहीत. चिखलपट्ट्यावरच्याच रेड नॉट या पक्ष्याला ते योगायोगाच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त सापडतात.

याचे कोडे डच पक्षीशास्त्रज्ञ थ्युनिस पिर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उलगडले. त्यांनी रेड नॉटना वाळूच्या बादल्या दिल्या. काही बादल्यांत दगड पुरलेले, काहींत नुसती वाळू. दगडाला ना वास, ना हालचाल. तरीही ओल्या वाळूत दगड आहे की नाही, हे पक्षी ओळखत होते. वाळू कोरडी असली की मात्र त्यांना काही उमगत नव्हते. म्हणजे गुपित पाण्यात होते.

ओल्या वाळूच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात आणि पाणी दाबून आक्रसत नाही. चोच आत घुसली की तिथले पाणी बाजूला ढकलले जाते आणि फटींतून वाट काढत चहूकडे पसरू लागते. वाळूतून पाणी झिरपू शकते, शिंपल्यातून नाही. त्यामुळे शिंपला ज्या बाजूला असेल तिकडे पाण्याची वाट अडते आणि त्या बाजूचा दाब थोडा जास्त राहतो. एका टोचण्यातला हा फरक फार सूक्ष्म असतो. पण पक्षी एकाच जागी भराभर टोचतो, तेव्हा सैल झालेले कण पुन्हा दाटीने बसतात आणि दाब थोडाथोडा साठत जातो, असे या संशोधकांचे स्पष्टीकरण आहे. सुईसारख्या त्या खालीवर होण्याचा अर्थ इथे लागतो. चोच स्वतःच दाबाचा आराखडा तयार करते आणि स्वतःच तो वाचते.

वाचते कशाने? चोचीच्या टोकाच्या हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत दाटीवाटीने बसलेली असतात हर्बस्ट कणिका. कांद्यासारखे एकावर एक पदर आणि मध्ये चेतातंतूचे टोक. बाहेरच्या दाबात किंचित बदल झाला तरी पदर हलतात आणि चेतातंतू संदेश पाठवतो. आपल्या बोटांच्या त्वचेखाली याच धर्तीच्या पॅसिनी कणिका असतात. आयबिस आणि किवी यांच्या चोचीतही असे खळगे सापडले आहेत. शहामृग आणि एमू चिखलात चोच खुपसत नाहीत, तरी त्यांच्या चोचीत या रचनेचे अवशेष आहेत. इतका जुना हा वारसा आहे!

या क्षमतेला ‘सहावे इंद्रिय’ म्हणून तिच्याभोवती गूढ वलय उभे करणारे व्हिडिओ पाहिले की मला वाईट वाटते. ही स्पर्शाचीच जाणीव आहे, पाण्याच्या माध्यमातून झालेली. त्यात गूढ घुसडले की खरे नवल झाकले जाते.

हे सारे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर भरतीचे वेळापत्रक हाताशी हवे. पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर पांगतात. पाणी चढू लागले की चिखलपट्टा अरुंद होतो आणि ते काठाकडे सरकतात. भरतीच्या आधीचे दोन तास मला सगळ्यात आवडतात. अशा वेळी कोणता पक्षी कसा खातो एवढेच पाहा. चिखल्या मोठ्या डोळ्यांनी भक्ष्य हेरतो, चार पावले धावतो, थबकतो, मग टिपतो. गॉडविट मात्र डोळ्यांपर्यंत चिखलात जातो. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, असेल आणि नशीब चांगले असेल तर आणखी एक गोष्ट दिसते. चोच बुडापाशी मिटलेलीच असते आणि वरच्या चोचीचे फक्त टोक वर वाकते. चिखलात सबंध चोच उघडायला केवढी ताकद लागेल! टोक तेवढे उघडले की भक्ष्य पकडता येते.

समुद्रापासून दूर, तळ्याकाठच्या दलदलीत पाणलावा हा लांब चोचीचा पक्षीही याच तंत्रावर जगतो. तिथे भरती-ओहोटी नसते, पण ओल लागतेच. काठ सुकून कडक झाला की किडे खोल जातात आणि चोच आत शिरत नाही. मग काल जिथे पाणलावे होते तिथे आज एकही दिसत नाही. ते अजून मऊ असलेल्या चिखलाकडे सरकलेले असतात.