रडारवर लाल, वावरात थेंब नाही

मे महिन्यात दुपार कलली की काटोल-वरूडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नागपूरच्या डॉप्लर रडारचं चित्र फिरू लागतं. गावावर लाल डाग. थोड्या वेळात धुळीचं वादळ उठतं, गोठ्यावरचे टिनपत्रे उडतात, पाऊस मात्र येत नाही. मग हवामान खात्याच्या नावानं शिमगा!

चित्र खोटं नसतं. ते जमिनीवरचं नसतं, एवढंच. रडार रेडिओ लहरींचा झोत सोडतं आणि थेंबांवर आपटून परत आलेल्या संकेतावरून चित्र काढतं. त्याचा सर्वांत खालचा झोत साधारण अर्धा अंश वर रोखलेला असतो. त्यात पृथ्वी गोल, म्हणून तो दूर जाईल तसा जमिनीपासून उंच होत जातो. काटोलवर तो पाऊण किलोमीटरच्या आत असतो, गडचिरोलीवर सुमारे अडीच, तर बुलढाण्यावर आठ किलोमीटर. तिथं खाली काय चाललंय ते नागपूरला दिसणार कसं?

लाल म्हणजे जास्त पाऊस, हेही दर वेळी खरं नाही. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की परत येणारा संकेत 64 पट होतो. त्यामुळे मोजक्या ओल्या गारा दाट रिमझिमीपेक्षा कितीतरी गडद दिसतात.

उन्हाळ्यात ढगाखालची हवा कोरडी ठणठणीत असते. थेंब वाटेतच आटतात, आटताना हवेतली उष्णता घेतात, आणि गार झालेली जड हवा धाडकन खाली येऊन चहूकडे पसरते. टिनपत्रे उडवते ती हीच. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा लागतो, ते उचललं जातं. क्षणात वारा पाठीमागून येतो आणि पंखांची उचल जाते. 1985 मध्ये अमेरिकेत डॅलसला अशाच झोतात विमान कोसळून 137 जण गेले.

म्हणून वैमानिक नुसत्या रंगावर जात नाही. त्याला 'सिग्मेट' इशारा मिळतो: वादळ कुठं, ढगाचा माथा किती उंच, कुठल्या दिशेला किती वेगानं सरकतंय. गडगडाटी ढगांसाठी हा इशारा जास्तीत जास्त चार तासांचा. विमानाच्या नाकातलंही रडार असतं, पण त्याची लहर तीन सेंटिमीटर लांबीची. मुसळधार पावसात ती विरते आणि मागचं आकाश उगाच मोकळं दिसतं. नागपूरची दहा सेंटिमीटरची लहर आरपार जाते.

वैमानिक मोठ्या वादळाला 35-40 किलोमीटरचा वळसा घालतो. वावरातल्या माणसाला तशी सोय नाही, आणि वीज पावसाच्या सरीबाहेरही पडते. रडारच्या चित्रापेक्षा त्याच्या कामाचं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप. ते आसपासच्या 20 ते 40 किलोमीटरमधल्या विजांचा इशारा देतं.