पॉवर पॉलिशर

मोटारीच्या रंगावरचे बारीक ओरखडे घासून काढणारे विजेवरचे हातयंत्र. गॅरेजमध्ये या कामाला 'रबिंग' किंवा 'बफिंग' म्हणतात. बाहेरून सगळी यंत्रे सारखीच दिसतात. खरा फरक आहे तो पॅड, म्हणजे टोकाला बसवलेली लोकरीची किंवा फोमची गादी, कसा फिरतो यात.

आजच्या बहुतेक मोटारींवर रंगाच्या थरावर पारदर्शक लॅकरचा, म्हणजे क्लिअर कोटचा थर असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. ऊन पडले की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात, त्या याच थरात असतात. रोज सकाळी धुळीने माखलेल्या गाडीवर कोरडा फडका फिरवला, की धुळीचे कण त्या रेघा ओढतात. पॉलिशर रेघा बुजवत नाही. तो आजूबाजूचे लॅकर रेघेच्या तळापर्यंत खाली आणतो. गेलेले लॅकर परत येत नाही, म्हणून यंत्राची निवड ही आधी थर किती वाचवायचा याची निवड आहे.

रोटरी पॉलिशर सर्वांत जुना. त्याचा पॅड एकाच अक्षावर, साधारण मिनिटाला 600 ते 3000 फेरे घेत फिरतो. मकिता 9237 सी हे त्यातले गाजलेले यंत्र. लोकरीचा पॅड आणि कंपाउंड, म्हणजे घासणारी खरखरीत पेस्ट, लावले की खोल ओरखडे आणि पॉलिश पेपरच्या खुणा झपाट्याने निघतात. पण एकाच जागी थांबले की उष्णता साठते. दरवाजाच्या कडेला किंवा बॉनेटच्या धारेवर लॅकर आधीच पातळ असते. तिथे क्षणभर हात रेंगाळला तरी खालचा रंग उघडा पडू शकतो. प्लॅस्टिकचा बंपर तर उष्णता पसरूच देत नाही. शिवाय रोटरी 'होलोग्राम' मागे ठेवते: सावलीत गाडी आरशासारखी, उन्हात मात्र फिरत्या पट्ट्या.

ड्युअल अ‍ॅक्शन यंत्रात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि मध्यापासून सरकून छोटी वर्तुळेही काढतो. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे 'थ्रो'. पोर्टर-केबल 7424 एक्सपीचा थ्रो 8 मिमी. इटलीच्या रुपेसने बिगफूट मालिकेत तो 15 आणि 21 मिमीपर्यंत नेला, त्यामुळे सपाट पत्र्यावर काम वेगाने होऊ लागले. यात पॅडचे स्वतःभोवती फिरणे सक्तीचे नसते. जास्त दाबला किंवा वळणावर धरला की त्याचे फिरणे थांबते आणि नुसती थरथर उरते. हे ओळखायला कारागीर बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्यावर चिकटतो त्या तबकडीच्या, कडेला मार्करने एक रेघ मारतात. रेघ फिरताना दिसली तर काम चालू, एका जागी थरथरत राहिली तर हात हलका करायचा. हीच थांबण्याची सवय नवख्याला वाचवते. माझ्या मते घरी करणाऱ्याने आधी हेच यंत्र घ्यावे.

तिसरा प्रकार गिअरने सक्तीने फिरणारा. फ्लेक्स 3401चा थ्रो 8 मिमी असून पॅड दाबाखाली थांबत नाही. तो जास्त कापतो, मात्र हाताला हिसके देतो आणि तापतोही जास्त.

यंत्र कोणतेही असो, मायक्रॉन मोजणाऱ्या गेजने आधी जागोजागी थर तपासावा. साध्या गेजला प्लॅस्टिकवर वाचन मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. मग गाडी धुऊन, क्लेने, म्हणजे मळलेल्या मातीसारख्या मऊ गोळ्याने, चिकटलेले कण काढून, रबरी पट्ट्या आणि धारांवर मास्किंग टेप लावावी. पहिला हात फूटभर जागेवर, मऊ फोम आणि सौम्य पॉलिशने. रेघा तेवढ्याने गेल्या तर कठीण पॅडला हात लावू नये. अगदी खोल एखादी रेघ राहिलीच, तर ती तशीच सोडावी. नखाला जी रेघ अडकते ती बहुधा क्लिअर कोटमध्ये फार खोल गेलेली असते. तिच्यामागे लागणारा कारागीर लॅकरच संपवतो, आणि मग पुन्हा रंगकाम करावे लागते.