२२ फुटांची होडी आणि २५० किलो लोखंड

अमेरिकेत जुनी शिडाची होडी किती स्वस्त मिळते हे कळलं की आपल्या माणसाचा पटकन विश्वास बसत नाही. दोन-चार हजार डॉलरांत केबिनची, चार-पाच जणांना कशीबशी झोपता येईल अशी होडी ट्रेलरसकट मिळते. कारण साधं आहे. फायबरग्लास लाकडासारखं कुजत नाही. मालक म्हातारे होतात, मुलं शिकायला दूर निघून जातात, आणि होडी घराच्या बाजूला ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी राहते. शेवटी कुणीतरी ती घेऊन जावी एवढीच मालकाची इच्छा उरते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी राहणाऱ्या कुटुंबाने अशी होडी शोधायला घेतली की थोड्याच दिवसांत एक नाव पुन्हा पुन्हा समोर येतं: कॅटालिना २२. कॅलिफोर्नियातल्या फ्रँक बटलर यांनी तिचा आराखडा केला. १९७० च्या सुमारास ती बाजारात आली आणि पुढच्या काही दशकांत अशा पंधरा हजारांहून जास्त होड्या बनल्या. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात आणि तिचे गुणदोष अनुभवी लोकांना तोंडपाठ आहेत. मी पुढे तिचंच उदाहरण घेणार आहे, पण इतर छोट्या होड्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. जाहिरातीत लांबी, रंग, गाद्या, स्टोव्ह यांचं वर्णन असतं. विकत घेणाऱ्याने मात्र दोनच गोष्टींचा छडा लावायचा: वजन किती खाली आहे, आणि पाणी कुठे शिरलं आहे.

आधी वजनाचं पाहू. तरंगणाऱ्या होडीवर दोन बलं काम करत असतात. तिचं वजन गुरुत्वमध्यातून खाली खेचतं, तर पाण्याचं प्लावक बल, होडीचा जेवढा भाग बुडाला आहे त्याच्या मध्यातून, वर ढकलतं. होडी सरळ उभी असताना ही दोन्ही एका उभ्या रेषेत असतात. वाऱ्याने ती डावीकडे कलली की डावी बाजू जास्त बुडते, वर ढकलणारं बलही डावीकडे सरकतं, आणि दोन रेषांमध्ये अंतर पडतं. हे अंतरच होडीला परत सरळ करतं. रुंद होडीत ते चटकन वाढतं, म्हणून धक्क्याला बांधलेली रुंद होडी पाय ठेवताक्षणी भक्कम वाटते आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण होडी फार कलली की रुंदीचा उपयोग संपतो. तिथून पुढे गुरुत्वमध्य किती खाली आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

कोकणातली गलबतं रिकामी परतताना तळात दगडांचं नीरम, म्हणजे तोल सांभाळणारं वजन, भरत, ते याचसाठी. कॅटालिना २२ मध्ये हे काम कील करते. होडीच्या पोटाखाली पात्यासारखं लटकणारं ओतीव लोखंड म्हणजे तिची कील. वर-खाली होणाऱ्या कीलच्या प्रकारात ती ५५० पौंडांची, म्हणजे सुमारे २५० किलोंची असते. सगळी होडी साधारण १०२० किलोंची, म्हणजे जवळजवळ पाव वजन या एका तुकड्यात आहे. समजा कील खाली सोडल्यावर तिचा मध्य अर्धा मीटर खाली गेला, तर अख्ख्या होडीचा गुरुत्वमध्य सुमारे १२ सेंटिमीटर खाली जातो. ऐकायला थोडं वाटतं, पण छोट्या होडीत इथे सेंटिमीटरचाच हिशेब असतो.

आता याच हिशेबात पाहुणे मिळवा. सत्तर किलोंची चार मोठी माणसं म्हणजे २८० किलो, कीलपेक्षाही जास्त! आणि हे वजन तळाशी नाही, वर बसलेलं आहे. शिवाय ते उठतं, सेल्फीसाठी सगळंच्या सगळं एका बाजूला जातं. बावीस फुटी होडीत आठ जण घ्यायला मी तरी कधीच तयार होणार नाही, मग आग्रह सासुरवाडीचा का असेना. होडी पाहताना एक चाचणी जरूर करावी. ती पाण्यात असेल तर दोघांनी एकाच काठावर उभं राहायचं. आधी ती सहज कलेल, मग जड होत जाईल, आणि उतरलात की झटक्यात सरळ होईल. सरळ व्हायला रेंगाळली तर तळात पाणी साचलं आहे का ते पाहा.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटरचा, वारा वीसवर गेला की शिडावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत उन्हाळ्यात हे रोजच घडतं. शाळेच्या भूगोलातले खारे वारे इथे राक्षसी रूपात भेटतात. कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागातलं मध्य खोरं दुपारी भट्टीसारखं तापतं, तिथली हवा वर जाते, आणि बाहेरची थंड सागरी हवा किनाऱ्याच्या डोंगरांतल्या गोल्डन गेटच्या फटीतून आत ओढली जाते. सकाळी अकराला शांत असलेली खाडी तीन वाजता फेसाळलेली असते. म्हणून शिडाला रीफ करायची, म्हणजे खालचा पट्टा गुंडाळून शीड लहान करायची सोय आहे का, हे पाहणं गाद्या पाहण्यापेक्षा महत्त्वाचं. रीफ केल्याने दाब कमी होतो आणि दाबाचा मध्यही खाली येतो, असा दुहेरी फायदा.

वर-खाली होणाऱ्या कीलचं सुख मोठं आहे. खाली असताना होडीला पाच फूट पाणी लागतं, वर घेतल्यावर दोन फूट पुरतं. त्यामुळे ती ट्रेलरवर चढते, खाडीच्या उथळ दक्षिण भागात जाते, आणि चिखलात रुतली तर कील उचलून सुटते. पण हालणारा प्रत्येक भाग झिजतो. ही कील पुढच्या टोकाला एका खिळीवर फिरते आणि मागून पोलादी तारेने उचलली जाते. ती तार केबिनच्या पायऱ्यांमागच्या विंचला, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या हातरहाटाला, जोडलेली असते. पायऱ्या काढून तिथे टॉर्च मारा. तार जिथे तळातून वर येते तिथे रबरी नळीचा एक तुकडा क्लॅम्पने आवळलेला दिसेल. ही नळी चिरली किंवा क्लॅम्प गंजला की खाडीचं पाणी सरळ केबिनमध्ये. अख्ख्या होडीत बदलायला सर्वांत स्वस्त आणि विसरायला सर्वांत महाग वस्तू हीच. मग विंच फिरवून कील पूर्ण खाली-वर करायला लावा. जमिनीवर ट्रेलरवरून हे होत नसेल, तर होडी पाण्यात उतरवल्याशिवाय सौदा करू नये. कील जागेवर घट्ट धरणारा बोल्टही चालतो का ते पाहा. होडी आडवी झालीच तर कील परत वर घसरू नये म्हणून तो असतो.

या तारेची एक गंमत आहे. होडी वेगात आली की केबिनमधून गुंजारव ऐकू येतो आणि नवीन मालक घाबरतो. पाण्यातून जाणाऱ्या तारेच्या मागे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून असे भोवरे सुटत जातात आणि तार थरथरते. वाऱ्यात विजेच्या तारा गुणगुणतात त्यामागेही हेच भोवरे असतात. पाच नॉटला, म्हणजे सेकंदाला सुमारे अडीच मीटर वेगाला, पाच मिलिमीटरच्या तारेमागे सेकंदाला शंभरेक जोड्या सुटतात. म्हणजे शंभर हर्ट्झचा, खर्जातला सूर. जुने मालक तारेवर नळी चढवतात किंवा दोरी नागमोडी गुंडाळतात. कारखान्यांच्या उंच चिमण्यांवर चक्राकार पट्ट्या असतात, त्याही अशाच कारणासाठी. तेव्हा हा आवाज दोष समजून भाव पाडायला हरकत नाही, पण घाबरू नका.

आता पाण्याचं. डेक पायाखाली लवू नये म्हणून फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवुड किंवा बाल्साचं लाकूड भरलेलं असतं. एखाद्या कडीच्या स्क्रूभोवतीचं सीलंट सुकलं की पावसाचं पाणी थेंब थेंब आत जातं, आणि वरचा थर अभंग दिसत असताना आतलं लाकूड भुसा होतं. बाजारात माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो, तसं प्लॅस्टिकच्या हातोडीने डेक वाजवत जायचं. चांगला भाग टणत्कार देतो, भिजलेला भाग बद्द आवाज काढतो. डोलकाठीचा पाया आणि तिला ताणून धरणाऱ्या तारांच्या बुडाभोवती जास्त वेळ द्यावा. तिथे डेक बद्द वाजला तर मी पुढची होडी पाहीन.

याउलट तळावरच्या फोडांना लोक उगाच घाबरतात. पाणी रंगाच्या बाहेरच्या थरातून हळूहळू झिरपतं, आत पॉलिएस्टर रेझिनमधल्या विरघळणाऱ्या पदार्थांशी मिळतं, आणि परासरणाने आणखी पाणी ओढून फोड आणतं. फोडला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. दिसायला वाईट, पण चार-दोन फोडांनी होडी बुडत नाही, आणि ट्रेलरवर कोरडी राहिलेल्या होडीला ते फारसे येतही नाहीत.

डोलकाठीला धरणाऱ्या तारांच्या स्टेनलेस स्टीलचं उलटं आहे. क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा त्याचं रक्षण करतो, पण तो टिकायला प्राणवायू लागतो. उघड्यावरची तार म्हणून चकचकीत राहते, आणि डेकच्या आत, ओल्या फटीत दडलेली, तारेला होडीशी जोडणारी पट्टी गुपचूप चिरते. तारेवरून कापडाची चिंधी फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे तारेची एक लड तुटली आहे. खाऱ्या पाण्यात पंधरा वर्षं काढलेल्या तारा चांगल्या दिसल्या तरी बदलायच्या, आणि तो खर्च किमतीतून वजा करायचा.

कॉकपिटमधल्या, म्हणजे मागच्या उघड्या बैठकीतल्या, मोठ्या कप्प्याचं झाकणही विसरू नका. जुन्या होड्यांत तो कप्पा थेट होडीच्या पोटात उघडतो. होडी आडवी पडली आणि झाकणाला कडी नसेल, तर कील तिला उभी करण्याआधीच पाणी आत भरतं. कडी लावायला फारसे पैसे लागत नाहीत.

इंजिन मोठं आहे म्हणून जास्त पैसे देऊ नयेत. पाण्यावरची लांबी साडेएकोणीस फुटांच्या आत असलेली ही होडी सहा नॉटला पोचते तेव्हा तिने स्वतःच उठवलेली लाट तिच्याएवढी लांब झालेली असते. त्यापुढे जायचं म्हणजे स्वतःच्या लाटेवर चढायचं. पाच अश्वशक्ती पुरतात, दहाचं इंजिन मागचं टोक बुडवतं आणि पेट्रोल पितं.

ओढायला गाडी कुठली, हे आधी पाहा. ट्रेलर आणि सामान धरून वजन दीड टनाच्या आसपास जातं, आणि इथल्या मराठी घरांत दिसणाऱ्या होंडा सीआर-व्ही गाडीची अमेरिकेतली ओढायची मर्यादा जास्तीत जास्त १५०० पौंड, म्हणजे त्याच्या निम्मीसुद्धा नाही.

खाडीचं पाणी उन्हाळ्यातही १५ अंशांच्या आसपास असतं. अशा थंड पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट धाप आवरण्यात जातं, आणि हातपाय नीट हलवता येतात ते जेमतेम दहा मिनिटं. पोहता येणं इथे फारसं कामाचं नाही, अंगावरचं लाइफ जॅकेट कामाचं. कॅलिफोर्नियात चालत्या होडीवर तेरा वर्षांखालच्या मुलांना ते सक्तीचं आहे, मोठ्यांना नाही. घरात मात्र सर्वांना सक्तीचं करावं. इंजिन लावून होडी चालवणाऱ्याला २०२५ पासून कोणत्याही वयात राज्याचं बोटर कार्ड लागतं. आणि होडीचे कागद वेगळे, ट्रेलरचे वेगळे. दोन्ही विकणाऱ्याच्याच नावावर असल्याशिवाय पैसे हातात ठेवू नका.