डब्यातले जुने टू-टी ऑइल आणि कॅनमधले जुने मिश्रण

पुण्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर किंवा जिन्याखालच्या अडगळीत टू-टी ऑइलचा, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायच्या वंगणाचा, एखादा डबा अजूनही सापडतो. आकुर्डीच्या कारखान्यातली बजाज चेतक आणि नगरची लुना या दोन्ही टू-स्ट्रोक गाड्या 1972 मध्ये बाजारात आल्या, आणि पुढची कित्येक वर्षे या शहरातल्या घराघरांत असे डबे येत राहिले. आता चेतक पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस असणारे लोक नाना पेठेत सुटे भाग शोधतात आणि घरातला जुना डबाही पुढे करतात. दुसरीकडे मुळशी-मावळात किंवा पुरंदरच्या अंजिराच्या बागेत गवत कापणारे ब्रश कटर आणि पॉवर स्प्रेयर वापरणाऱ्यांकडे मागच्या हंगामात पेट्रोल-ऑइल मिसळून ठेवलेला कॅन उरलेला असतो. दोघेही मेकॅनिकला एकच प्रश्न विचारतात: जुने ऑइल चालेल का? या प्रश्नात दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांची उत्तरे बहुतेक वेळा परस्परविरुद्ध असतात.

न मिसळलेले टू-टी ऑइल संथपणे जुने होते. त्यात मुख्यतः खनिज किंवा सिंथेटिक बेस ऑइल असते. त्याशिवाय इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायने, रंग आणि पेट्रोलमध्ये ऑइल लवकर मिसळावे म्हणून घातलेला केरोसिनसारखा पातळ द्रावक असतो. डब्याचे मूळ सील शाबूत असेल आणि डबा उन्हापासून व ओलीपासून दूर राहिला असेल, तर यातले काहीही पटकन बिघडत नाही. उत्पादक सीलबंद डब्याला साधारणतः चार-पाच वर्षांची मुदत सांगतात, पण मुदत उलटली त्या दिवशी ऑइल निकामी होते असा तिचा अर्थ नाही. उघडलेल्या डब्याचे मात्र तसे नसते. सैल झाकणातून द्रावक हळूहळू उडून जातो आणि ऑइल घट्ट होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दमट हवा आत शिरते आणि डब्यातच तिचे पाणी होते. पत्र्याचा डबा असेल तर पाठोपाठ गंजही येतो.

म्हणून अशा डब्याची परीक्षा डोळ्यांनीच करावी. थोडे ऑइल स्वच्छ काचेच्या बरणीत ओतून उजेडासमोर धरावे, मग रात्रभर स्थिर ठेवून सकाळी तळ पाहावा. ऑइल पारदर्शक असेल, रंग एकसारखा असेल आणि तळाशी काही नसेल, तर ते चांगले आहे. तळाशी पातळसा थर दिसला आणि डबा हलवल्यावर तो पूर्ण विरघळून पुन्हा बसला नाही, तर केवळ काही घटक खाली बसले होते, त्यात धोका नाही. दुधाळ धूसरपणा दिसला तर पाणी शिरले आहे. गुठळ्या, चिकट तार किंवा गंजाचे कण दिसले तर ते ऑइल इंजिनात घालू नये. शेवटी एक चमचा ऑइल थोड्या ताज्या पेट्रोलमध्ये ढवळून तासभर ठेवावे. ते एकजीव न होता खाली उतरू लागले, तर द्रावक उडालेला आहे असे समजावे. पाणी आहे का हे पाहण्यासाठी ऑइल तापवून तडतड ऐकण्याची एक जुनी रीत आहे. टू-टी ऑइलवर ती कधीही वापरू नये, कारण त्यातला द्रावक सहज पेट घेऊ शकतो.

ऑइल शाबूत असणे आणि ते आपल्या यंत्राला योग्य असणे, या दोन गोष्टीही वेगळ्या आहेत. एफबी, एफसी ही टू-टी ऑइलचा दर्जा सांगणारी जपानी जासो वर्गवारी 1990 च्या दशकात आली, त्यामुळे त्याआधीच्या डब्यावर ती खूण असणारच नाही. चेतकसारख्या साध्या इंजिनासाठी लिटरला 20 मिली या प्रमाणात जुने, पण स्वच्छ खनिज ऑइल वापरायला माझी हरकत नाही. फार तर धूर जास्त येईल आणि सायलेन्सर लवकर चोंदेल. मात्र पूर्ण वेगाने तास-तास चालणाऱ्या ब्रश कटरमध्ये ते घालू नये. तिथे पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे ताजे ऑइलच हवे. एरंडेलावर आधारलेले जुने रेसिंग ऑइल हा तर निराळाच प्रकार आहे. ते हवेने चिकट होते, खनिज ऑइलमध्ये नीट मिसळत नाही, आणि उघडा राहिलेला असा डबा वापरू नये हेच बरे.

आता कॅनमधल्या मिश्रणाकडे वळू. 50 भाग पेट्रोलात एक भाग ऑइल असते, म्हणजे कॅनमध्ये जवळजवळ सगळे पेट्रोलच असते, आणि मिश्रणाचे वय पेट्रोलाच्याच गतीने वाढते. हलके घटक आधी उडतात, त्यामुळे किक मारून किंवा दोरी ओढून इंजिन सुरू होत नाही. उरलेल्या पेट्रोलाचा हवेशी संयोग होऊन गोंदासारखा पदार्थ तयार होतो आणि तो कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये अडकतो. चेनसॉ आणि ब्रश कटर बनवणाऱ्या कंपन्या मिश्रण साधारण महिनाभरातच वापरावे असे सांगतात, त्याचे कारण हेच आहे. ऑइल कितीही उंची असले तरी पेट्रोलाचे हे बिघडणे थांबत नाही. स्थिरीकारक घातलेले ऑइल असेल तर ते थोडे लांबते, इतकेच.

याहून गंभीर धोका इथेनॉलचा आहे, आणि तो पुरेसा समजावून सांगितला जात नाही याची मला खरोखर काळजी वाटते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले, किंवा पावसाळ्यानंतर गारवा वाढला, की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलापासून वेगळे होतात व तळाशी बसतात. ऑइल या खालच्या थरात विरघळत नाही, ते वरच्या पेट्रोलातच राहते. टाकीचा कॉक मात्र तळाशी असतो. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला येणाऱ्या इंधनातूनच वंगण मिळते, त्यामुळे हा तळाचा थर कार्ब्युरेटरमध्ये गेला आणि इंजिन त्यावर काही क्षण जरी चालले, तरी ते वंगणाविना चालते. सिलिंडरवर ओरखडे पडतात, पिस्टन पकडतो. मालक म्हणतो की ऑइल तर बरोबर मापाने घातले होते, आणि त्याचे म्हणणे खरेही असते. कॅन हलवून हे दोन थर कायमचे एक होत नाहीत. म्हणून महिन्याहून जुन्या मिश्रणाला बरणीतली परीक्षा पुरेशी नाही. थर दिसले नाहीत तरी ते वापरू नये. त्यात ताजे पेट्रोल घालून ते संपवण्याचा मोहही टाळावा.

या दोन्हींच्या मधली एक स्थिती कायनेटिक होंडासारख्या गाड्यांत असते. तिथे ऑइलची टाकी वेगळी असते आणि पंप ते मापाने सोडतो. वर्षानुवर्षे उभ्या गाडीच्या टाकीतले ऑइल उघड्या डब्यातलेच समजावे. ते घट्ट झाले असेल तर बारीक नळीतून पुरेसे ऑइल पोचत नाही. ते काढून टाकावे, कडक झालेली नळी बदलावी, नव्या ऑइलने नळीतली हवा काढावी, आणि पंप चालतो याची खात्री होईपर्यंत पेट्रोलमध्येही थोडे ऑइल मिसळून गाडी चालवावी.

इंजिनाला न चालणारे, पण मिश्रण न केलेले ऑइल वाया जात नाही. फाटकाच्या बिजागरीला आणि कोयत्याच्या पात्याला ते चालते. बिघडलेले मिश्रण मात्र गटारात, ओढ्यात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये, चार-स्ट्रोक स्कूटरमध्येही घालू नये. घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये ते वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे, आणि त्यात पेट्रोल आहे हे स्पष्ट सांगावे. पुढच्या हंगामात एका दिवसाला पुरेल इतकेच मिश्रण करावे, कॅनवर तारीख लिहावी, आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधले उरलेले इंधन संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे.