लोअर आर्मचा बोल्ट गाडी हवेत असताना फुल टाईट करायचा? नाही!

घरीच शॉकअप, लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बसवणाऱ्यांना सोलापुरात वर्षानुवर्षं एकच सल्ला मिळतो, गाडी वर आहे तोवर सगळे बोल्ट गच्च आवळून टाका. मलाही होटगी रोडला हेच सांगितलेलं. चूक आहे हे.

आर्मच्या बुशमधलं, म्हणजे आर्म जिथं सांगाड्याला बोल्टने जोडतात त्या सांध्यातलं, रबर बहुतेक गाड्यांत आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, नुसता पीळ खातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला की रबर त्याच पोझिशनला पकडलं जातं, मग गाडी खाली आली की उभ्या गाडीतसुद्धा ते पिळलेलंच राहतं, त्यात खड्डे, म्हणजे लवकर फाटणारच. आणि दोष जातो नव्या पार्टला.

म्हणून बुशचे ते बोल्ट आधी हातानेच लावा, मग आर्मखाली जॅक देऊन चाक नेहमीच्या उंचीला आणा आणि तेव्हा टॉर्क पान्याने कंपनीच्या मापाला आवळा. स्ट्रटचे (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र जोड) खालचे दोन बोल्ट हवेत आवळले तरी चालतं, तिथं रबर नसतं.

गाडी जॅक स्टँडवरच पाहिजे, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. आणि स्प्रिंग कम्प्रेसरने दाबल्याशिवाय स्ट्रटचा वरचा मधला नट अजिबात सोडू नका, स्प्रिंग उडाली तर जीव जाऊ शकतो. शेवटी अलाइनमेंट करून घ्या.