पिसं गळतीतलं मऊ अंडं : पार्श्वभूमी

दसऱ्याच्या आसपास कोल्हापुरातल्या परड्यांत पिसांचा सडा पडू लागतो. घरच्या कोंबडीची मान उघडी पडते, शेपटी झडते, तुरा सुकून फिका होतो. या दिवसांत अंडी थांबतात, हे कोंबड्या पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. घोळ होतो तो न थांबणाऱ्या कोंबडीचा. आठ-दहा दिवस काही नाही आणि एका सकाळी बसायच्या दांडीखाली फरशीवर अंडं दिसतं, तेही टरफलाशिवाय. ओल्या कातड्याच्या पिशवीसारखं, बोट लावलं की खळगा पडणारं. पुष्कळदा ते फुटलेलंच सापडतं आणि निम्मं तिनंच खाल्लेलं असतं.

अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यातले सुमारे २० तास एकट्या टरफलाचे. टरफलाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं आणि रात्री पोटात काही नसताना ते हाडांच्या पोकळीतल्या खास साठ्यातून उचललं जातं. हा साठा स्त्री-संप्रेरकाच्या जोरावर टिकतो. पिसं गळायला लागली की नेमकं तेच उतरतं आणि अंडनलिका आक्रसते. वर नव्या पिसांचा खर्च वेगळा, कारण पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. अशात एखादा बलक सुटलाच, तर त्याच्यावर टरफल चढवायला कोठीत फारसं काही नसतं.

रानातल्या कोंबडीला हा पेच नव्हता. लाल रानकोंबडी वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालते, उबवते, पिल्लं मोठी झाली की पिसं टाकते. एक काम संपलं की दुसरं. दाजीपूरच्या जंगलातला राखी रानकोंबडासुद्धा हंगाम सरला की मानेवरची झूल उतरवतो. (आपल्या कोंबड्यांच्या पायांचा पिवळेपणा या राखी नातलगाकडून आला, हे २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून पुढं आलं.) गावठी कोंबडीनं हा क्रम बराचसा जपला. ठरावीक अंडी, मग रवण म्हणजे अंड्यांवर बसणं, मग पिल्लं, अशा वर्षाला तीन-चार फेऱ्या आणि एकूण पन्नास-साठ अंडी.

बिघडलं ते विसाव्या शतकात. पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांच्या वाणांतून निवड करत करत रवणीला बसण्याचा स्वभावच जवळपास काढून टाकला गेला. अंड्यांच्या व्यवसायातल्या शेडमध्ये १६ तास उजेड आला आणि अंडी वर्षाला तीनशेवर गेली. कोल्हापूरचा सर्वांत मोठा दिवस १३ तासांहून थोडाच जास्त, सर्वांत लहान ११ तासांचा. शहरात हौसेनं पाळलेली पांढरी कोंबडी अनेकदा अशाच शेडमधून निघालेली असते. आता ती सोप्यात राहते, टीव्ही बंद होईपर्यंत ट्यूबलाइटखाली जागी. उजेड तिला डोळ्यांतून जाणवतो तसा कवटीतूनही जाणवतो. थकलेलं शरीर पिसं टाकायला बघतं आणि ट्यूबलाइट अंडं मागत राहते.

आता 'खुडूक' या शब्दाकडे येऊ, कारण घरच्या कोंबड्यांचं जितकं नुकसान त्यानं केलंय तितकं पुष्कळ रोगांनीही केलं नसेल. मुळात खुडूक म्हणजे अंड्यांवर बसायला झालेली कोंबडी. पण गाय आटली की भाकड, तशी कोंबडी थांबली की खुडूक, असा सरसकट अर्थ बोलण्यात मुरला. त्यामुळे तीन निराळ्या अवस्था एकाच नावाखाली नांदतात. खरी खुडूक खुराड्यात पसरून बसते, हात नेला की फुलते, टोचते, दिवसातून एखाद्या वेळी उठते आणि एकदम मोठी शीट टाकून परत येते. पोटाखालची पिसं ती स्वतःच उपटते. त्यामुळे तीही झडलेली दिसते आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पिसं गळणारी कोंबडी घरट्यात ठाण मांडत नाही. ती कोपऱ्यात अंग चोरून उभी असते, कारण नव्या पिसांचे काटे रक्तानं भरलेले असतात आणि हात लागला तरी दुखतं. जिचं अंडं अडकलंय ती मात्र पुन्हा फुगून बसलेली दिसते. शेपूट पाडलेली, कुंथत असलेली, शीट थांबलेली. लांबून पाहणाऱ्याला तिघीही सारख्याच, "खुडूक बसलीया".

आणि तिघींना उपायही एकच. पाण्यात बुडवून काढा, डालग्याखाली कोंडा, दोन दिवस दाणा दाखवू नका. खऱ्या खुडूक कोंबडीपुरतं यात तथ्य आहे. पोटाची ऊब गेली की तिला बसवून ठेवणारं संप्रेरक उतरतं. आपल्या आज्यांना प्रोलॅक्टिन हा शब्द ठाऊक नव्हता, गुण ठाऊक होता. (उपाशी ठेवायची मात्र तिलाही गरज नसते.) पिसं गळणारीच्या वाट्याला हा उपाय आला तर भरल्या काट्यांवर गार पाणी आणि प्रथिनांची ओढ असताना उपास. अंडं अडकलं असेल तर पाणी कोमट लागतं आणि दोन दिवस थांबायची सोय नसते, जनावरांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जावं लागतं. मऊ अंडं अडकायची भीती जास्तच, कारण नळीला ते नीट धरून पुढं ढकलता येत नाही. म्हणून मऊ अंडं येऊन गेलेल्या कोंबडीला कुणी खुडूक म्हटलं की मला धास्ती वाटते.

उपासाच्या सल्ल्याला एक मूळ शेडमधलंही असावं, असा माझा कयास आहे. अंडी उतरली की खाद्य आणि उजेड एकदम तोडायचा, सगळ्या कळपाची पिसं एकाच वेळी झडवायची आणि दुसरी फेरी सुरू करायची, ही तिथली जुनी रीत. दुसऱ्या फेरीत टरफल सुधारतं, हेही खरं. २०११ साली केंद्रातल्या एका सल्लागार मंडळानं, उपाशी ठेवून असं करणं १९६० च्या क्रूरताविरोधी कायद्याचा भंग आहे, असं राज्यांना कळवलं. व्यावसायिकांची बाजू अशी की दुसरी फेरी नसेल तर पक्षी तितक्याच लवकर कापायला जातो. बाजू खोटी नाही, पण तेवढ्यानं उपाशी कोंबडीचे हाल कमी होत नाहीत.

खाद्य अचानक तुटलं की काय होतं, हे या भागानं २०१९ साली पाहिलं. कडकनाथ कोंबड्या पाळायची एक योजना बुडाली, खाद्य येणं थांबलं आणि उपाशी पक्षी एकमेकांना टोचू लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, २०२१ च्या जुलैत पुन्हा. पुराचं पाणी चढलं की माणसांबरोबर कोंबड्याही हलवाव्या लागतात. जागा बदलणं, भिजणं, दाण्यात खंड, यांतलं एकही कारण अवेळी पिसं झडायला पुरतं. दसऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

पिसं भरून यायला दोन-तीन महिने जातात. तेवढे दिवस सुकट किंवा शेंगदाणा पेंड, वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा आणि अंधार पडल्यावर खरोखरचा अंधार. संक्रांतीपर्यंत दिवस तिळातिळानं वाढू लागलेला असतो, त्या सुमारास अंडी पुन्हा सुरू होतात आणि पहिलं अंडं बहुधा वेडंवाकडंच निघतं. पुढची नीट येतात. पिसं शाबूत, खाणंपिणं ठीक आणि तरी परड्यातल्या सगळ्याच कोंबड्यांची अंडी मऊ येऊ लागली, तर ते प्रकरण वेगळं. १९७६ साली नेदरलँड्समध्ये वरवर धडधाकट कळपांत असंच दिसलं होतं आणि त्यामागं बदकांकडून आलेला विषाणू निघाला.