माती, गादी आणि खाशाबा जाधव

दोन मल्ल एकाच वजनगटातले असले की लढत बरोबरीची झाली, असे कुस्तीचे नियम मानतात. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले तेव्हा वजन बरोबरीचे होते, परंतु पायाखालची जमीन त्यांची नव्हती. कराडजवळच्या गोळेश्वरात जन्मलेल्या आणि लाल मातीत घडलेल्या या मल्लाला आखाड्याची रीत अंगवळणी पडली होती : तेल, ताक, हळद घालून मऊ केलेल्या हौद्यात अनवाणी पायांची बोटे रुतवून उभे राहायचे, घामाने निसटणाऱ्या अंगावर माती टाकून पकड घट्ट करायची, प्रसंगी जोडीदाराच्या जांघियाला हात घालायचा आणि त्याची पाठ जमिनीला लागेपर्यंत झुंजायचे. गादीवर, म्हणजे ऑलिंपिकच्या मॅटवर, मात्र पायांत बूट आले, पोशाख धरण्यास बंदी आली, वेळ मोजून मिळू लागली आणि चितपट न झाल्यास निकाल पंचांच्या हाती गेला. तरीही ते फ्लायवेट गटात सहावे आले, हे मला पदकाइतकेच मोठे वाटते.

१९५२ च्या हेलसिंकीला जाण्यासाठी पैशाचीच अडचण होती. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या इशी यांच्याशी झालेली दीर्घ लढत हरल्यावर लगेच सोव्हिएत मल्लाशी लढण्यासाठी खाशाबांना पुकारण्यात आले. दोन लढतींमध्ये विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो बजावून घेणारा भारतीय पदाधिकारी जवळ नव्हता. त्या थकव्यातूनही बँटमवेट गटातले कांस्यपदक आले आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले.

कुस्तीतले पुढचे पदक सुशीलकुमार यांनी आणले ते थेट २००८ साली, म्हणजे ५६ वर्षांनी. या खंडाची कारणे अनेक असतील, पण गादीचा अभाव त्यांत ठळक आहे. गादी महाग असते, तिला छप्पर लागते, आणि गावच्या जत्रेतले इनाम मातीच्या मैदानातच मिळत असल्याने पोटासाठी लढणारा पैलवान मातीशीच बांधलेला राहतो. १९६१ पासून खेळल्या जाणाऱ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आज माती आणि गादी असे दोन विभाग असून दोन्हींचे विजेते किताबासाठी एकमेकांशी भिडतात. जत्राही गाजवायची आणि राष्ट्रीय संघातही जायचे, असे ठरवलेल्या तालमीतल्या पोराला दोन्ही जमिनींवर पाय रोवायला शिकावे लागते.